पर्यावरण कराने रोजगार जातो, की कराचा पैसा परत न आल्याने?

मुळाकाठ:

गेल्या आठवड्यात एका सभासदाने इथे लिहिले की पर्यावरणाच्या नावाखाली लावलेला प्रत्येक कर शेवटी कामगाराच्या पगारातून वसूल होतो, कोळशावरचा उपकर गेला हे उत्तम झाले, आणि आता वाहनांवरचा पर्यावरण करही काढला तर पिंपरी-चिंचवडचे कारखाने पुन्हा माणसे भरू लागतील. त्याखाली "अगदी मनातले बोललात" म्हणणाऱ्यांची रांग लागली, पण जमा झालेला पैसा पुढे कुठे गेला, हे एकानेही विचारले नाही. त्या टिपणाचा मला राग आला तो या कारणाने, आणि म्हणून स्वतंत्र धागा काढतो आहे.

कोळशाचेच घ्या. 1 जुलै 2010 पासून टनामागे 50 रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर सुरू झाला. तो 2014 साली 100, 2015 साली 200 आणि 2016 साली 400 रुपयांवर गेला. 2010-11 ते 2017-18 या काळात त्यातून सुमारे 86,400 कोटी रुपये जमा झाले. ज्या राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीसाठी म्हणून तो लावला होता, त्यात यांपैकी सुमारे 29,600 कोटी वर्ग झाले, आणि प्रत्यक्ष प्रकल्पांच्या पदरात पडले ते सुमारे 15,900 कोटी. जीएसटी आल्यावर तेच टनाचे 400 रुपये, जीएसटीमुळे बुडालेल्या महसुलाची राज्यांना भरपाई देणाऱ्या उपकरात गेले. सप्टेंबर 2025 मध्ये तो उपकर काढला, पण त्याच दिवशी कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. म्हणजे कोळसा करमुक्त झालेला नाही. झाले ते असे की टनावरचा ठरावीक कर जाऊन किमतीवरचा कर आला, आणि त्यामुळे स्वस्त, हलक्या प्रतीच्या, भरपूर राख सोडणाऱ्या कोळशावरचा भार सर्वांत जास्त उतरला. पर्यावरणाच्या दृष्टीने हे उलटे आहे, पण त्यावर त्या टिपणात एक ओळ नव्हती.

कर वसूल होताना लोकांच्या खिशातून पैसा जातो आणि कुठेतरी मागणी आटते, हे मला मान्यच आहे. तो पैसा खर्च झाला, किंवा त्याच्या बळावर दुसरा एखादा कर कमी केला, तर आटलेली मागणी दुसरीकडे उभी राहते. पैसा वाटेत अडकला तर नुसते आटणेच उरते. जर्मनीने 1999 ते 2003 या काळात इंधन आणि विजेवरचे कर टप्प्याटप्प्याने वाढवले आणि त्यातला बहुतेक पैसा निवृत्तिवेतनाच्या वर्गणीत घातला. ती वर्गणी पगाराच्या 20.3 टक्क्यांवरून 19.5 टक्क्यांवर आली, म्हणजे माणूस कामावर ठेवणे थोडे स्वस्त झाले. ब्रिटनने 1996 साली कचराभूमीवर कर लावताना मालकांची राष्ट्रीय विम्याची वर्गणी 0.2 टक्क्याने उतरवली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2008 साली कार्बन कर लावला आणि तेवढाच प्राप्तिकर कमी केला. तिथल्या अभ्यासात जास्त इंधन जाळणाऱ्या उद्योगांतला रोजगार घटलेला आणि सेवा क्षेत्रातला वाढलेला दिसला, पण एकूण रोजगार घटला नाही.

आपल्याकडे मात्र माणूस नोंदवून कामावर घेतला की मालकाला भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के आणि ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, 3.25 टक्के भरावे लागतात, आणि धूर सोडला तर त्यामानाने काहीच लागत नाही. माणसावरचा भार उतरवून धुरावर टाकावा, एवढेच माझे म्हणणे आहे. कर नकोच म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

भोसरी_एमआयडीसी:

उत्तर देतो. ते टिपण माझे नव्हते, पण त्याला दाद देणाऱ्यांत मी होतो.

माझ्या शेडमध्ये सायलेन्सरचे ब्रॅकेट आणि इंजिनाचे बारीकसारीक भाग तयार होतात. माझा माल ज्या कंपनीला जातो, ती तो मोठ्या वाहन कंपनीला देते, म्हणजे मी साखळीतला तिसरा. दरवर्षी वरून पत्र येते की यंदा भाव इतक्या टक्क्यांनी कमी करा. वाढवण्याचा प्रश्नच नसतो. आता विजेचा दर वाढला, डिझेल वाढले, उष्णताप्रक्रियेचे दर वाढले, तर तो वाढीव खर्च मी कोणावर घालू? वर घालता येत नाही म्हणून खालीच घातला जातो. गेल्या मंदीत मी दुसरी पाळी बंद केली ती विजेच्या बिलाकडे बघून. त्या पाळीतले हेल्पर गावी गेले ते परत आले नाहीत, आणि त्यातला एक मुलगा असा होता की मशीनचा आवाज ऐकून टूल बोथट झाल्याचे सांगायचा. तो आता कुठे आहे, मला ठाऊक नाही.

तुमच्या पुस्तकात मागणी एकीकडे आटते आणि दुसरीकडे उभी राहते. माझ्या हेल्परला "दुसरीकडे" जायला कोणती बस आहे? सेवा क्षेत्रात रोजगार वाढला म्हणजे त्याने दुचाकीवर पार्सले पोहोचवायची, हाच अर्थ ना? टर्नरचा पगार आणि पार्सलवाल्याची कमाई एकाच रकान्यात मांडून "एकूण घट नाही" असे लिहिणे मला अन्यायाचे वाटते.

ताळेबंद:

मी हिशेबनीस आहे, म्हणून हिशेबापुरते बोलतो.

जर्मनीचा दाखला आपल्याला लागूच पडत नाही. तिथे जवळपास प्रत्येक नोकरदार वर्गणी भरतो, त्यामुळे वर्गणी उतरवली की फायदा सगळीकडे पोहोचतो. आपल्याकडे दहातले आठ-नऊ जण असंघटित कामात आहेत. भविष्य निर्वाह निधीचा कायदा मुळात वीस आणि त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. मालकाचा वाटा कमी केलात तर फायदा होईल तो आधीच नोंदीत असलेल्यांच्या मालकांना. शिवाय ते पैसे कामगाराच्या म्हातारपणाचे आहेत. त्याला कर समजून कात्री लावायला निघणे हे मला सर्वांत घातक वाटते. मंडईतल्या हमालाला, घरकामाच्या बाईला, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या गवंड्याला यातून छदामही मिळणार नाही. डिझेल महागल्यामुळे भाजी महागेल तो भुर्दंड मात्र त्यांनाही बसेल.

दुसरी गोष्ट उपकरांची. केंद्राचे उपकर आणि अधिभार राज्यांशी वाटून घ्यायच्या रकमेत धरले जात नाहीत. म्हणून दिल्लीला कर वाढवण्यापेक्षा उपकर लावणे सोयीचे पडते. राज्येही मागे नाहीत. 2015 साली महाराष्ट्रात दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे 2 रुपयांची वाढ झाली. पुढे पाऊस पडला, धरणे भरली, तरी ती वसुली लगेच थांबली नाही. वनीकरण भरपाई निधीचेही तेच. झाडे तोडल्याबद्दल भरून घेतलेले पैसे वर्षानुवर्षे पडून राहिले, न्यायालयात प्रकरण गाजले, 2016 साली कायदा झाला आणि 2019 साली केंद्राने 47,436 कोटी रुपये राज्यांकडे दिले. तोवर तोडलेल्या जागी लावायच्या झाडांचे काय झाले असेल, याचा विचार करा.

मुळाकाठ यांनी कोळशाचे आकडे स्वतःच दिले आहेत. त्या आकड्यांवरून मी उलट निष्कर्ष काढतो: जे सरकार पंधरा वर्षांत हा पैसा ठरल्या कामी लावू शकले नाही, त्याच्या हाती आणखी पैसा देऊ नये.

नवी_पेठ:

ताळेबंद यांच्याशी मी पूर्णपणे असहमत आहे आणि त्याचे कारण महाराष्ट्रातच आहे, जर्मनीत जायची गरज नाही.

आपल्या पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर कापला जातो, तो 1975 साली कशासाठी सुरू झाला हे इथल्या किती जणांना ठाऊक आहे? रोजगार हमी योजनेसाठी. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ही योजना राज्यभर उभी राहिली, 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. शहरातल्या पगारदाराने कर द्यायचा, त्याबरोबर वाहने, बागायती जमीन, बिगरनिवासी मिळकती यांच्यावरही भार ठेवायचा, जेवढे जमेल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, आणि त्या पैशावर गावात काम मागणाऱ्याला काम द्यायचे, अशी ती रचना होती. आणि कामे कोणती? पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, झाडे लावणे. म्हणजे कर, रोजगार आणि पर्यावरण या तिन्हींची सांगड या राज्याने जर्मनीच्या वीस वर्षे आधी घातली होती.

मी तेव्हा पाटबंधाऱ्याकडे कनिष्ठ अभियंता होतो. हजेरीपटावर अंगठे घेतलेले आहेत, टेप धरून खड्ड्यांचे माप घेतलेले आहे आणि मोजमाप वही लिहिलेली आहे. मुकादमाने खोटी नावे घुसडलेली पकडलीही आहेत, त्यामुळे योजनेत सगळे सोवळे होते असे मी म्हणणार नाही. पण ज्या बाया उन्हात पाट्या वाहत होत्या, त्यांना आठवड्याच्या बाजाराला हातात रोख पैसे मिळत होते, आणि त्या काळात शिरूर-दौंड पट्ट्यातून पुण्यात येणारे लोंढे कमी व्हायला त्या पैशाचा हातभार लागला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. सरकारला पैसा देऊच नये हे म्हणणे त्या बायांसमोर उभे राहून म्हणून दाखवावे.

ताळेबंद:

त्या बायांचा मी अपमान केलेला नाही, तेव्हा माझ्या तोंडी तसे काही घालू नका. रोजगार हमी चालली कारण तिच्यात कामाचा हक्क कायद्याने दिलेला होता आणि काम न दिल्यास भत्ता देणे सरकारवर बंधनकारक होते. नुसत्या कराने ती चालली नाही. कोळशाच्या उपकरामागे असा कोणाचा हक्क होता? कोणत्या माणसाने न्यायालयात जाऊन म्हणायचे होते की माझे पैसे द्या?

नवी_पेठ:

हा मुद्दा बिनतोड आहे, हे नाइलाजाने का होईना मान्य करतो.

सोसायटी_सचिव:

तुमची चर्चा जर्मनीत आणि दुष्काळात रमली आहे. मी पुण्याचे विचारतो. आमच्या मिळकतकराच्या देयकात सर्वसाधारण कराशिवाय सफाईपट्टी आहे, वृक्ष कर आहे, जललाभ कर आहे, जलनिस्सारण लाभ कर आहे, पथकर आहे. एवढे भरूनही दारात कचरा घ्यायला येणाऱ्या माणसाला दर घरामागे दरमहा वेगळे पैसे द्यावे लागतात. सफाईपट्टी कशाची मग? एकाच कामाचे दोनदा पैसे घेणे हाही पर्यावरण करच आहे, आणि तो आमच्यासारखे नियमाने भरणारेच भरतात. ज्यांनी ओढ्यात पिशव्या फेकायच्या ते फेकतातच. पालिकेने सगळा शहराचा कचरा एका कंपनीला देऊन गाड्या फिरवाव्यात आणि हा महिन्याचा तगादा बंद करावा.

जनता_वसाहत:

सचिवसाहेब, तुम्ही ज्याला तगादा म्हणता, त्यावर माझे शिक्षण झाले आहे.

माझी आई कचरावेचक आहे. आधी ती कोंडाळ्यात हात घालून वेचायची, कुत्री चावायची, पोलीस हटकायचे, आणि भंगारवाला देईल तो भाव घ्यायची. 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना झाली, ओळखपत्रे मिळाली; पुढे 2007 साली "स्वच्छ" ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था झाली आणि महापालिकेशी करार होऊन या बायका दारोदार जाऊन कचरा घेऊ लागल्या. तेव्हापासून आईला "ताई, कचरा" म्हणून हाक मारली जाते. साडेतीन हजारांच्या आसपास माणसे या कामावर आहेत. हे काम कोणत्याही सरकारी अनुदानाच्या घोषणेतून आलेले नाही. ते तुमच्या महिन्याच्या शुल्कातून आणि वेचलेल्या पुठ्ठ्याच्या विक्रीतून आले आहे.

तुम्ही म्हणता कंपनीच्या गाड्या फिरवा. एका गाडीवर एक चालक आणि एक मदतनीस लागतो, आणि ती गाडी ओला-सुका एकत्र दाबून नेते. मग तो कचरा डेपोवर जातो. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी त्या डेपोपायी काय भोगले, त्यांच्या विहिरींच्या पाण्याचे काय झाले, ते सिंहगड रस्त्यावरच्या किंवा औंधच्या गॅलरीतून दिसत नाही. आई तुमच्या पायऱ्यांवर बसून दुधाची पिशवी वेगळी, काच वेगळी, पत्रा वेगळा करते, तेव्हा तेवढा माल डेपोवर जायचा वाचतो. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, एवढी साधी विनंती या बायकांनी केली होती. तुमच्या सोसायटीत किती घरांतून ठिपका येतो, ते आधी सांगा.

सोसायटी_सचिव:

मी धोरणाबद्दल बोलत होतो आणि तुम्ही माझ्या घरापर्यंत आलात, हे योग्य नाही. आमच्या सोसायटीत ओला-सुका वेगळा होतो, गांडूळखताचा खड्डा आहे आणि त्याबद्दल मिळकतकरातली सवलतही आम्ही रीतसर घेतली आहे. तुमच्या आईच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण आदराने माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. पैसे मी एकदाच द्यावे की दोनदा?

जनता_वसाहत:

एकदाच द्या, माझी काहीच हरकत नाही. सफाईपट्टीतून या बायकांना नियमित मेहनताना द्या, गणवेश, हातमोजे, ढकलगाडी आणि दवाखान्याचा खर्च द्या, आम्ही दारात शुल्क मागणार नाही. पण तुमची मागणी ती नव्हती. तुमची मागणी होती की शुल्कही बंद करा आणि माणसेही काढा.

मुळाकाठ:

सचिव आणि जनता_वसाहत यांचा वाद वेगळ्या धाग्यावर न्यावा असा निरोप मला आला आहे. मी नेणार नाही, कारण मला जे म्हणायचे होते ते या वादात जास्त स्पष्ट दिसते. पर्यावरणासाठी गोळा केलेला पैसा देणाऱ्याच्या हातातून काम करणाऱ्याच्या हातात थेट पडतो, अशी शहरातली जी थोडी उदाहरणे आहेत त्यांतले हे एक आहे. सफाईपट्टी तिजोरीत जाते आणि तिथून तिचा माग लागत नाही. महिन्याचे शुल्क कुठे गेले, हे मात्र सचिवांनाही पक्के ठाऊक आहे. आपला राग आपण नेमका त्याच पैशावर काढतो जो आपल्याला दिसतो, आणि जो दिसत नाही त्यावर गप्प बसतो.

यात आणखी एक भाग आहे. वेफर्सची आणि शाम्पूची थरदार पाकिटे भंगारवाला घेतच नाही, त्यामुळे ती वेचण्याचे कष्ट फुकट जातात. प्लॅस्टिक कचऱ्याच्या 2022 च्या नियमांप्रमाणे वेष्टन बाजारात आणणाऱ्या उत्पादकावर ते परत गोळा करण्याची जबाबदारी आहे. पण प्रक्रिया केल्याचे प्रमाणपत्र मिळते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया कारखान्याला, आणि ते उत्पादकाला विकून पैसे मिळवतो तोही तोच. पाकीट ज्या बाईने उचलले तिचे नाव त्या व्यवहारात कुठेच नाही. हा पैसा किलोच्या भावाने तिच्यापर्यंत आणला, तर सचिवांचे शुल्कही कमी करता येईल.

भोसरी_एमआयडीसी:

कचऱ्याचे पटते. शहरातले शुल्क, शहरातली माणसे, डोळ्यांसमोरचे काम. पण तुम्ही कोळसा आणि डिझेलवरून तिकडे सरकलात आणि माझा प्रश्न तसाच राहिला. माझी शेड बंद पडली तर माझ्या माणसांना तुम्ही कचरा वेचायला पाठवणार का?

आणि बंदी-करांचा अनुभव आम्ही घेतलेला आहे. 2018 च्या जूनमध्ये प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा माझ्या शेजारच्या गाळ्यात कॅरीबॅगची यंत्रे होती. कर्ज डोक्यावर, यंत्रे भंगारात. त्या माणसाने पुढे गाळा भाड्याने दिला आणि स्वतः दुसऱ्याकडे नोकरीला लागला. पर्यावरणवाल्यांपैकी एकही जण त्याची विचारपूस करायला आला नाही.

मुळाकाठ:

तुमच्या शेजाऱ्याचे नुकसान बंदीने केले, कराने नाही, आणि हा फरक मोठा आहे. बंदी एका रात्रीत येते. कर दरवर्षी थोडा-थोडा वाढणार असे आधी जाहीर केले, तर गाळेवाल्याला यंत्र बदलायला चार-पाच वर्षे मिळतात. आयर्लंडने 2002 साली पिशवीवर 15 सेंट लावले आणि वापर नव्वद टक्क्यांच्या आसपास घटला, पण कोणाचेही यंत्र दुसऱ्या दिवशी सील झाले नाही. ब्रिटिश कोलंबियाचा करही टनाला 10 डॉलरपासून सुरू होऊन दरवर्षी 5 डॉलरने वाढेल, हे पहिल्याच दिवशी सांगितलेले होते.

तुमच्या मूळ प्रश्नाला दुसऱ्या बाजूने उत्तर देतो. युरोपीय संघाची सीमेवरची कार्बन आकारणी 1 जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष टप्प्यात आली आहे. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते तिच्या कक्षेत आहेत, आणि पोलादात नट-बोल्टही आहेत. चाकण-भोसरीतून युरोपला फास्टनर पाठवणाऱ्यांना हे ठाऊक आहे. माल तयार होताना इथे कार्बनची किंमत मोजलेली असेल, तर ती तिथे वजा होते. मोजलेली नसेल, तर तेवढे पैसे युरोपच्या तिजोरीत जातात. म्हणजे तुमच्या क्षेत्रातल्या निर्यातदारापुढे कर द्यायचा की नाही, हा पर्याय आता राहिलेलाच नाही. तो इथे द्यायचा की तिथे, एवढेच ठरायचे आहे. इथे दिला तर तो तुमच्या शेडच्या छतावर सौर पॅनेल बसवायला परत मागता येतो. तिथे दिला तर मागायचा कोणाकडे?

भोसरी_एमआयडीसी:

हे खरे आहे. माझ्या ओळखीच्या एका फास्टनरवाल्याला गिऱ्हाइकाने प्रत्येक खेपेमागे किती वीज आणि किती इंधन लागले याचा तक्ता मागितला आहे, आणि तो तक्ता भरून देणाऱ्या सल्लागाराची फीच त्याला जड झाली आहे. तेव्हा तुमच्या मुद्द्याचा तेवढा भाग मी मान्य करतो. पण कोळशावर 18 टक्के जीएसटी लावला म्हणून युरोप ती कार्बनची किंमत मानील, असे मला वाटत नाही. म्हणजे आत्ता आम्ही इथेही देतो आणि तिथेही देणार. सचिवांचे जे दुखणे आहे तेच माझे आहे.

ताळेबंद:

मुळाकाठ ब्रिटिश कोलंबियाचे नाव दुसऱ्यांदा घेत आहेत, तर पुढचेही सांगावे. कॅनडाने 1 एप्रिल 2025 पासून ग्राहकांवरचा कार्बन कर काढून टाकला आणि ब्रिटिश कोलंबियानेही तेच केले. बहुतेक प्रांतांत तर पैसा कुटुंबांच्या खात्यात परत येत होता, तरी लोकांना तो नकोसा झाला. फ्रान्समध्ये 2018 च्या नोव्हेंबरमध्ये पिवळी जाकिटे घालून लोक रस्त्यावर आले ते डिझेलवरच्या वाढीव करामुळेच, आणि सरकारला पुढची वाढ मागे घ्यावी लागली. गावाकडून शहरात कामाला येणाऱ्याला बस नसेल, तर गाडी चालवणे ही त्याची चैन नसते. पंप दिसतो, परतावा दिसत नाही.

आणि सरकारी खर्चाचे गणित कोणीच काढले नाही. कर यशस्वी झाला तर प्रदूषण घटते आणि उत्पन्नही घटते. मग त्या उत्पन्नावर कायमचा खर्च कसा बांधणार? विजेवरच्या गाड्यांना माफी दिली की पेट्रोलवरचा व्हॅट घटतो. 2025 च्या राज्य अर्थसंकल्पात 30 लाखांवरच्या विद्युत मोटारींवर 6 टक्के कर सुचवला होता, तो याच काळजीपोटी असावा, आणि पुढे तोही मागे घेतला.

सिंहगड_रस्ता:

मी इतका वेळ वाचत होते. पंपाचे आणि बसचे ताळेबंद यांनी लिहिले ते वाचून राहवले नाही.

माझी दुचाकी पंधरा वर्षांची झाली तेव्हा पुनर्नोंदणीला पाच वर्षांचा 2,000 रुपये पर्यावरण कर भरला. ती दुचाकी मी बाजारहाटापुरती काढते. तिच्याइतकेच वय असलेली दुसरी दुचाकी दिवसभर स्वारगेट ते हडपसर धुरळा उडवत फिरते, तिलाही तेवढाच कर. धुरावर लावायचा कर गाडीच्या वयावर लावला, तर माणसाने गाडी कमी का चालवावी? उलट, भरलाच आहे तर चालवू, असेच कोणीही म्हणेल. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने 1920 साली सांगितले ते नुकसानाच्या प्रमाणात कर लावण्याबद्दल होते, वयाच्या नाही.

तो कर राज्याच्या तिजोरीत जातो. पीएमपी या शहर बससेवेची तूट मात्र पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका साठ-चाळीसच्या प्रमाणात भरतात, आणि ती झेपेना म्हणून 2025 च्या जूनमध्ये किमान तिकीट 5 वरून 10 रुपये झाले. माझ्याकडे काम करणाऱ्या ताई वडगावहून बसने येतात. त्यांच्या येण्याजाण्याच्या खर्चात त्या दिवशी वाढ झाली आणि त्यांनी दोन घरांची कामे सोडली, कारण तिकडे दोन बस बदलून जाणे परवडेना. रोजगार असाही जातो, आणि तो कुठल्याच अहवालात येत नाही. म्हणून वाहनांवरचा पर्यावरण कर काढू नका, असे मी म्हणते, पण तो ज्या शहरातून वसूल झाला त्या शहराच्या बससेवेलाच द्या. चालक, वाहक, आगारातले कामगार, बसने कामाला जाणाऱ्या बायका, या सगळ्यांचा रोजगार त्यात आला.

भोसरी_एमआयडीसी:

ताई, बसचे म्हणणे मला मनापासून पटले. माझ्या दुसऱ्या पाळीची अडचण हीच असते. रात्री अकराला सुटलेल्या माणसाला मोशीला जायला काही मिळत नाही.

पण मुळाकाठ, मी तुमच्या बाजूला आलो असे समजू नका. माझी अट ताळेबंद यांनी रोजगार हमीबद्दल सांगितली तीच आहे. कर आधी आणि परतावा मागाहून, हे मी मानणार नाही. ज्या अधिसूचनेत कोळशावर किंवा डिझेलवर कर वाढेल, त्याच अधिसूचनेत वीस-पंचवीस माणसांच्या शेडला काय परत मिळणार, किती दिवसांत मिळणार आणि न मिळाल्यास व्याज कोण देणार, ते लिहिलेले असले पाहिजे.

मुळाकाठ:

व्याजाच्या अटीसकट मान्य. त्यात जनता_वसाहत यांची मागणीही घाला, की परताव्याचा पहिला हक्क ज्यांची नोंद कुठल्याच हजेरीपटावर नाही त्यांचा असावा, म्हणजे ताळेबंद यांचा असंघटितांबद्दलचा आक्षेपही सुटेल. निवडून आलेल्या आपल्या प्रतिनिधींना द्यायच्या निवेदनाचा मसुदा मी रविवारपर्यंत इथे टाकतो.

ताळेबंद:

मसुदा टाका. हजेरीपटावर नसलेल्या माणसाला पैसे कोणत्या यादीवरून देणार, हे त्यात पहिल्या परिच्छेदात हवे, नाहीतर माझी सही मिळणार नाही.

जनता_वसाहत:

यादी आमच्याकडे आहे. कचरावेचकांची ओळखपत्रे पंचायत झाली तेव्हापासून आहेत. हमालांची आहे, रिक्षावाल्यांची परवान्यावरून निघते. घरकामाच्या बायकांची मात्र अपुरी आहे, ती कशी करायची हे सिंहगड_रस्ता यांनी सुचवावे.